फॉरमॅट केल्याने विंडोजचं लायसन्स जात नाही

'लॅपटॉप फॉरमॅट केला की ओरिजिनल विंडोज जातं, नवी की (लायसन्सचा कोड) विकत घ्यावीच लागते' असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे.

विंडोज 8 पासून कंपनीकडूनच विंडोज घालून येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या बायोस चिपमध्ये असते. विंडोज 10 पासून डिजिटल लायसन्सही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. त्यामुळे हार्ड डिस्क पुसली किंवा एसएसडी बदलली तरी लायसन्स शाबूत राहतं. सेटअपने की मागितलीच, तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडा. नेट जोडलं की अॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

मग काहींना की का मागते? बहुतेकदा एडिशन चुकलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असतं आणि दुकानात सरसकट 'प्रो' टाकतात. मग अॅक्टिव्हेट कुठून होणार? फॉरमॅटआधी सेटिंग्ज, सिस्टम, अबाउटमध्ये एडिशन बघून लिहून ठेवा. मदरबोर्ड बदलला तर मात्र अडचण येऊ शकते. त्यासाठी लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं बरं.

आणखी एक, आणि हे जास्त महत्त्वाचं: बिटलॉकर (डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधी जपून ठेवा. लायसन्स परत मिळतं, कुलूपबंद फाइली नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला, तिथे हा खुलासा टाका.