धावण्याआधी पाय ताणण्याच्या सवयीविषयी

साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी रविवारी पहाटे उभे राहिले, की धावायला आलेल्यांपैकी निम्मे लोक एकच कृती करताना दिसतात. एका हाताने उभ्या दुचाकीचे हँडल धरायचे, दुसऱ्या हाताने घोटा पकडून टाच मागे टेकवायची आणि तशा अवस्थेत गप्पा मारायच्या. मीही सहा वर्षे हे निष्ठेने केले, कारण आधी पाय ताणले की दुखापत होत नाही, असे मला ज्याने सांगितले त्यालाही कोणीतरी तसेच सांगितले होते.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, सगळे ताण व्यवस्थित देऊन झाल्यावर, घाटाच्या चढावर माझ्या डाव्या पोटरीत मागून कोणी खडा मारल्यासारखे झाले. मी वळूनही पाहिले. मागे कोणीच नव्हते. स्नायू फाटला होता.

फिजिओने मला पहिल्याच दिवशी टाचा टेकवून उकिडवे बसायला सांगितले आणि मी सरळ मागे कलंडलो. माझी आजी ऐंशीव्या वर्षी विळीपुढे तासभर तशी बसत असे, हे त्या क्षणी आठवल्यावाचून राहिले नाही. मग एका पायावर टाच उचलायला लावली, तर डाव्या पायाने सात वेळांतच हार मानली. धावताना पोटरीच्या आतल्या स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार प्रत्येक पावलाला येतो. तो पेलण्याची ताकद माझ्या पायात नव्हती, आणि मी मात्र सहा वर्षे मांडीचा पुढचा स्नायू ताणत बसलो होतो.

त्यानंतर मी या विषयावर बरेच वाचले. ऑस्ट्रेलियन सैन्यातील 1538 नव्या जवानांवर 12 आठवडे केलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाआधी स्नायू ताणणाऱ्यांच्या आणि न ताणणाऱ्यांच्या दुखापतींत म्हणावा असा फरक आढळला नाही. 2002 साली आंतरराष्ट्रीय दर्जाच्या 34 लांब पल्ल्याच्या धावपटूंची तपासणी झाली, तेव्हा बसून पुढे वाकताना ज्यांचे हात कमी पोचत होते, ते एका ठरावीक वेगाला कमी ऑक्सिजन वापरून धावत असल्याचे दिसले. याचे एक संभाव्य कारण असे, की टाचेमागचा जाड कंडरा स्प्रिंगसारखा पाऊल पडताना ऊर्जा साठवतो आणि उचलताना परत देतो, आणि सैल स्प्रिंग हे काम नीट करत नाही. म्हणजे धावणाऱ्याचे अंग थोडे ताठ असणे हा दोष नव्हे. (आमच्या ग्रुपमधील योगप्रेमी मंडळी इथपर्यंत वाचून रागावली असतील, त्यांनी थोडा धीर धरावा.)

लवचीकता नकोच, असे मला म्हणायचे नाही. ज्या सांध्याची हालचाल धावण्यालाच कमी पडते, तिथे ती मिळवावीच लागते. चढावर घोटा पुढे वाकला नाही, तर टाच लवकर उचलली जाते आणि भार पोटरीवर येतो. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढणाऱ्यांचा खुबा आखडलेला असेल, तर पाय मागे पुरेसा जात नाही. हे ताण मी आता संध्याकाळी देतो, प्रत्येक बाजूला तीस सेकंद, दोन-तीन वेळा. धावण्याआधी एखादा स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला, तर त्याची ताकद काही काळ थोडी उतरते. म्हणून घाटाखाली मी दहा मिनिटे चालतो, पाय पुढे-मागे झुलवतो आणि सहा सूर्यनमस्कार घालतो, ज्यांत पर्वतासनात टाच जमिनीकडे दाबताना घोटाही मोकळा होतो.

बाकी खरा वेळ जातो तो जिन्याच्या पायरीवर, टाच हळू खाली सोडण्याच्या व्यायामात: गुडघा सरळ ठेवून 15 वेळांचे तीन फेरे, वाकवून पुन्हा तीन, दिवसातून दोनदा. स्वीडनमध्ये 1998 साली टाचेमागच्या कंडराच्या जुन्या दुखण्यावर हाच क्रम 12 आठवडे वापरला गेला होता. माझे दुखणे वेगळे होते, तरी पोटरीची ताकद वाढवायला फिजिओने मला तोच दिला. हे कंटाळवाणे आहे, आणि शेजारचे काका रोज विचारतात, की किल्ली विसरली का. उकिडवे बसता येऊ लागले आहे. डावी टाच अजून बोटभर उचललेली राहते.