सेंद्रिय थाळीला जाण्यापूर्वी

सांगलीत राहूनही आपण रविवारी संध्याकाळी एखाद्या ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खाऊन समाधानाने घरी परतत असाल, तर आपल्या प्रकृतीची आणि त्याहून अधिक आपल्या प्रतिष्ठेची मला काळजी वाटते. मिरज रस्त्याच्या बाजूला एखादे शुद्ध शाकाहारी सेंद्रिय भोजनगृह शोधून काढावे आणि सहकुटुंब जावे. शेणामातीने सारवलेल्या भिंती पाहताच ‘अगदी गावाकडच्यासारखं!’ असे उद्गार मोठ्याने काढावेत. आपल्या गावाकडच्या घरावर स्लॅब पडून आणि त्याच्या भिंतींना ऑइलपेंट लागून कैक वर्षे झाली आहेत, ही गोष्ट मुलांनी मध्येच सांगू नये म्हणून त्यांना आधीच ताकीद देऊन ठेवावी.

मेनूकार्ड हातकागदाचे असते. त्यात पिठले नुसते पिठले नसून ‘देशी वाणाच्या हरभऱ्याचे, जात्यावर दळलेल्या पिठाचे, लाकडी घाण्याच्या शेंगतेलात सिद्ध केलेले’ असते. एवढे वाचून होईपर्यंत माणसाला खरोखरच भूक लागते. जेवणाआधी तांब्याच्या पेल्यातून ताक येईल. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत ठेवायचा तर भांड्याला आतून कल्हई हवी, नाहीतर तो कळकतो, हे आपल्या आजीला अक्षरओळख नसतानाही ठाऊक होते. म्हणून अशा ठिकाणी आजीला सहसा नेऊ नये. नेलीच, तर तिला पेल्यात डोकावू देऊ नये.

आता मुख्य पथ्य. वाढप्याला काहीही विचारा, पण ‘सेंद्रिय कशावरून?’ असे विचारू नका. या देशात त्यासाठी कागदपत्रांची व्यवस्था आहे, हे दुर्दैवाने खरे आहे. निर्यातीसाठी 2001 पासून चालत आलेली ‘एनपीओपी’ ही सरकारी प्रमाणपत्राची पद्धत आहे, शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेते तपासायची ‘पीजीएस-इंडिया’ आहे आणि 2017 च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकायच्या वेष्टनबंद मालावर ‘जैविक भारत’ असे चिन्ह लागते. हंगामी पिकाच्या जमिनीला रसायने सोडल्यापासून साधारण दोन वर्षे आणि द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला तीन वर्षे ‘रूपांतरणात’ काढावी लागतात, तेव्हा कुठे तिच्यातला माल सेंद्रिय म्हणवून घेतो. भोजनगृहाच्या भिंतींना मात्र एका सारवणात हे भाग्य लाभते. तेव्हा कागद न मागता मालकांच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे पाहावे आणि मान डोलवावी. (माळेवर माझा आक्षेप नाही, तिला कोणी प्रयोगशाळेचा अहवाल समजू नये, इतकेच.)

आमटीच्या रंगाची तारीफ केलीत, तर ‘हळद आपल्या सांगलीचीच, मानांकनवाली’ असे उत्तर येईल. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान मलाही आहे. ते मानांकन हळद कुठली हे सांगते, तिला कोणते खत घातले याविषयी अवाक्षर काढत नाही. पण वाढपी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो आणि आपण दोन्ही एका घासात गिळायच्या असतात.

शेवटी खपली गव्हाची खीर येईल आणि इथे आपल्या श्रद्धेची कसोटी आहे. खीर छान पिवळसर दिसेल आणि तिच्यावर सोनेरी, टपोरे बेदाणे तरंगत असतील. आपण तासगावच्या शेजारी राहता, हे त्या क्षणी विसरावे. द्राक्षमणी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून रॅकवर पसरतात, आणि रंग खुलावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. या कशाशिवाय वाळलेला बेदाणा तपकिरी, काळपट होतो. गुळाचेही तसेच. रानभेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला गूळ तांबूस-काळसर निघतो, आणि पिवळाधमक हवा असेल तर काहिलीत हायड्रॉस या रंग उजळवणाऱ्या रसायनाची पूड पडते. म्हणजे खीर खरोखर सेंद्रिय असती, तर दिसायला मळकट असती, तिचा फोटो चांगला आला नसता आणि आपणच तक्रार केली असती. मालकांनी आपल्याला ओळखले आहे. वाटी तिरकी धरून फोटो काढावा आणि ‘मातीशी नाते’ असे लिहून टाकावा.

बिलाविषयी फार बोलण्यासारखे नाही. सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितले आहे, परंतु इथे त्याचे नाव ‘गोसेवा’ असू शकते आणि गाईला नाही म्हणणारा माणूस अजून सांगलीत जन्मायचा आहे.

राहता राहिला आपला चुलतभाऊ. वाळव्याकडचा तो, जो उसाच्या कडेला दोन वाफे घरच्यापुरते, बिनफवारणीचे ठेवतो आणि एस.टी.तून येताना वांगी, घेवडा, शेपू पिशवीभर आणून देतो. वांग्यात अळी निघते म्हणून वहिनी नाक मुरडतात, ते त्याला कळू देऊ नये. उलट त्याला या भोजनगृहाचा पत्ता द्यावा, चार पैसे मिळतील म्हणावे. तो बिचारा सकाळी क्रेट घेऊन मागच्या दाराशी उभा राहील आणि मालक अळीचे भोक निरखत त्याला विचारतील, ‘सेंद्रियचं सर्टिफिकेट आहे का पाव्हणं? नसेल तर मार्केटच्या भावानं टाका.’