‘गरज पडली तरच शब्द वापरा’ : संत फ्रान्सिस यांच्या नावावर खपवलेले वाक्य

‘सुवार्ता सदैव सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा.’ तेराव्या शतकातील इटालियन संत, असिसीकर फ्रान्सिस यांच्या नावाने हे वाक्य ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत वरचेवर फिरत असते. त्याच्या आधाराने बहुधा आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात. चांगले वागणे हीच पुरेशी साक्ष आहे, शब्दांची जोड तिला लागत नाही. विश्वासाविषयी बोलणे हे पाळकांचे किंवा फादरांचे काम आहे आणि त्याची जागा चर्चमध्ये आहे. चर्चबाहेर शेजाऱ्याशी किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याशी ख्रिस्ताविषयी बोलणे म्हणजे त्याच्यावर दबाव आणणे, आणि आजच्या भारतात तर तो गुन्हाच आहे. वाक्य कानाला गोड लागते, आणि ते पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही; परंतु या चारही गोष्टी तपासून पाहिल्या तर टिकत नाहीत, आणि त्यांच्यामुळे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ प्रामाणिक माणसे विनाकारण मुकी झाली आहेत.

आधी संत फ्रान्सिस यांच्याविषयी. हे वाक्य त्यांच्या उपलब्ध लेखनात कुठेही नाही. १२२६ मध्ये ते वारले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच चेलानोचे थॉमस यांनी त्यांचे पहिले चरित्र लिहिले. त्यातही हे वाक्य सापडत नाही. सापडते ते याच्या अगदी उलट चित्र. फ्रान्सिस एकेका दिवसात चार-पाच गावे पायी फिरत, भेटेल त्याला देवाच्या राज्याची वार्ता सांगत आणि ऐकणाऱ्यांना आपल्या शब्दांनी जितके उभारी देत तितकेच आपल्या उदाहरणानेही देत, असे हे चरित्रकार नोंदवतात. शब्द आणि आचरण ही जोडी तिथे एकत्र आहे, एकाच्या बदल्यात दुसरे असा सौदा नाही.

दुसरी साक्ष स्प्लिटचे थॉमस यांची आहे. ते विद्यार्थी असताना १५ ऑगस्ट १२२२ रोजी बोलोन्या शहराच्या चौकात त्यांनी फ्रान्सिस यांना स्वतः ऐकले. जवळजवळ सारे शहर तिथे लोटले होते. अंगावर मळका झगा, चेहरा साधासुधा, बोलण्याची धाटणी प्रवचनकाराची नव्हे तर चव्हाट्यावर उभे राहून लोकांशी बोलणाऱ्याची, असे त्यांचे वर्णन आहे. त्या बोलण्याचा रोख भांडणे मिटवण्यावर होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे रक्त सांडणारी सरदार घराणी त्यामुळे समेटाला आली, असेही ते लिहितात. हे सगळे चर्चच्या भिंतीबाहेर, उघड्या चौकात घडले. त्याच्या तीन वर्षे आधी, १२१९ मध्ये, ख्रिस्ती आणि मुस्लिम सैन्यांतले धर्मयुद्ध ऐन भरात असताना हाच माणूस इजिप्तमध्ये सुलतान अल्-कामिल यांच्या छावणीत निःशस्त्र गेला होता. आपला विश्वास त्यांच्यापुढे शब्दांत मांडण्यासाठीच त्याने ही जोखीम पत्करली होती.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपल्या बंधूंसाठी, म्हणजे आपल्या संन्यासी संघातील अनुयायांसाठी, फ्रान्सिस यांनी १२२१ मध्ये जी नियमावली सिद्ध केली तिच्या सतराव्या प्रकरणात ‘सर्व बंधूंनी आपल्या कृतींनी उपदेश करावा’ अशा अर्थाचे विधान आहे, आणि फिरणाऱ्या वाक्याचे दूरचे मूळ कदाचित तिथे असेल. पण ते प्रकरणच मुळी तोंडी उपदेशाविषयी आहे. उपदेश कोणी करावा, कोणाच्या परवानगीने करावा आणि त्याचा अहंकार कसा धरू नये, हे त्यात सांगितले आहे. कृतीची आठवण बोलणाऱ्यांना लगाम म्हणून दिली आहे. तिचा उपयोग गप्प बसण्याची मुभा म्हणून करणे हा त्या संताच्या नावावर केलेला अन्याय आहे.

आता आचरण पुरेसे आहे या दाव्याकडे वळतो, कारण चारही दाव्यांत खरे वजन याच दाव्याला आहे. आचरण नसेल तर शब्द पोकळ ठरतात, हे कोण नाकारील? बायबलमध्ये याकोबाचे पत्र तेच सांगते. परंतु आचरणाविना शब्द निरर्थक आहेत म्हणून शब्दाविना आचरण स्वयंस्पष्ट आहे, असा निष्कर्ष निघत नाही. ख्रिस्ती परिचारिकेने रात्रभर जागून एखाद्या रुग्णाची सेवा केली तर तो रुग्ण म्हणेल, ‘बाई फार मायाळू आहेत.’ त्याचे म्हणणे बरोबरच आहे. त्या मायेमागे काय आहे, ती कोणाकडून मिळाली, हे त्याला कळण्याचा मार्ग कोणता? शिवाय प्रेमळ, प्रामाणिक, सेवाभावी माणसे सर्व धर्मांत आहेत आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. माझ्या चांगुलपणाकडे पाहून लोकांनी ख्रिस्त आपोआप ओळखावा, अशी अपेक्षा धरण्यात नम्रता दिसते खरी, पण नीट पाहिले तर माझे वागणे इतके निर्मळ आहे की त्याला खुलाशाचीही गरज नाही, असा दावा तिच्यात दडलेला असतो. ‘ज्याच्याविषयी ऐकले नाही त्याच्यावर ते विश्वास कसा ठेवतील?’ असा प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विचारला आहे, आणि त्याला बगल देता येत नाही.

कृती आणि शब्द यांचे खरे नाते समजून घ्यायचे असेल तर मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंच्या आयुष्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवत. रमाबाईंनी तिथे जाऊन ते काम पाहिले, आणि अशा स्त्रियांशी कोणी इतक्या ममतेने वागते हे पाहून त्या थक्क झाल्या. आपल्या देशात त्या वर्गासाठी असे काही होताना त्यांनी पाहिले नव्हते. हा सारा आचरणाचा प्रभाव होता. पण रमाबाई तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला त्यांनी विचारले की, या स्त्रियांची काळजी घ्यायला ख्रिस्ती माणसांना प्रवृत्त करणारी गोष्ट कोणती? त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा काढून वाचून दाखवली आणि समजावून सांगितली. विहिरीपाशी, भर दुपारी, समाजाने दूर लोटलेल्या एका बाईशी येशू बोलत बसतो, ती ही कथा. आपले मन ख्रिस्ताकडे कसे वळले हे सांगताना रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत या प्रसंगाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्याच वर्षी, म्हणजे १८८३ मध्येच, त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभे केले.

क्षणभर कल्पना करा की, त्या भगिनीने रमाबाईंना ‘आमचे काम पाहा, त्यातच सारे आले’ असे उत्तर दिले असते. फुलहॅमच्या कामाने रमाबाईंच्या मनात प्रश्न जागा केला होता. त्याचे उत्तर मात्र त्या कामात नव्हते, ते सांगावे लागणार होते. पेत्राचे पहिले पत्र नेमके हेच सांगते: तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास नेहमी तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. विचारणारा दारात उभा असताना आपण नुसते हसून चहा पुढे करतो आणि त्यालाच साक्ष म्हणतो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

बोलणे हे पाळकांचे काम, आणि तेही चर्चमध्ये, हा दावा इतिहासाला धरून नाही. ख्रिस्ती विश्वास रोमी साम्राज्यात पसरला तेव्हा चर्चच्या इमारतीच नव्हत्या; लोक घरांत जमत. उपासनेसाठी वापरल्या गेलेल्या ज्या सर्वांत जुन्या घराचे अवशेष सापडले आहेत, ते सिरियातील दुरा-युरोपॉसचे घरही तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेतील छळाची हकीकत आहे. प्रेषित शहरातच राहिले, बाकीचे विश्वासणारे पांगले, आणि हे पांगलेले लोक जिथे गेले तिथे वचन सांगत गेले. त्यांतले कुप्री आणि कुरेनेकर असे काही जण अंत्युखियास पोचले आणि तिथल्या ग्रीकांशी बोलू लागले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळाले ते त्याच शहरात. त्या माणसांची नावेदेखील लेखकाने दिलेली नाहीत.

दुसऱ्या शतकातील ग्रीक विचारवंत सेल्सस हा ख्रिस्ती धर्माचा कडवा टीकाकार होता. लोकर पिंजणारे, चांभार, धोबी असली अडाणी माणसे घराघरांत शिरून बायकामुलांना आपला धर्म सांगतात, ही त्याची तक्रार ख्रिस्ती विद्वान ओरिजेन यांनी २४८ च्या सुमारास लिहिलेल्या उत्तरात जपून ठेवली आहे. ती हेटाळणीने केलेली आहे, म्हणूनच पुरावा म्हणून तिचे मोल अधिक आहे. काम करता करता, दुकानात आणि घरात बोलणे, हीच त्या काळी विश्वास पोचवण्याची नेहमीची वाट होती.

खुद्द फ्रान्सिसही याच्या विरुद्ध नव्हते. त्यांना उपयाजकाची दीक्षा मिळाली होती, ते पूर्ण धर्मगुरू कधीच झाले नाहीत. त्यांच्या १२२१ च्या नियमावलीचे एकविसावे प्रकरण तर या वादात निर्णायक मानावे असे आहे. देवाचे भय धरा, त्याची स्तुती करा, पश्चात्ताप करा, क्षमा करा, अशा अर्थाची काही साधी वाक्ये तिथे दिली असून सर्व बंधूंना, वाटेल तेव्हा, कोणत्याही लोकांमध्ये ती बोलण्याची मोकळीक आहे. त्या बंधूंतले कित्येक अशिक्षित होते.

आपल्याकडचा दाखला नारायण वामन टिळकांचा आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, मग धर्मावर, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. तो वाचताना टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही ज्यांची पदे गायली जातात त्या कवीच्या विश्वासाची सुरुवात अशी रेल्वेच्या डब्यातल्या अनौपचारिक बोलण्यातून झाली.

उरला दबावाचा आणि कायद्याचा मुद्दा. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सद्‌सद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून आपला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. प्रसाराचा हक्क अनवधानाने आलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर वाद झाला, तो वगळण्याची मागणीही झाली, आणि कन्हैयालाल मुनशींसारख्या सदस्यांनी समर्थन केल्यावर तो कायम राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात याची सीमा आखून दिली: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा मूलभूत हक्क नाही. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेले, बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांनी होणारे धर्मांतर रोखणारे कायदे त्या निकालाने वैध ठरवले. नंतर इतर काही राज्यांनीही असे कायदे केले असून त्यांच्या तरतुदी सारख्या नाहीत. ज्याने त्याने आपल्या राज्याचा कायदा मुळातून वाचावा. पण मित्राने विचारले असता ‘मी प्रार्थना का करतो’ हे त्याला सांगणे हा या देशात गुन्हा आहे, हे म्हणणे खोटे आहे, आणि भीतीपोटी आपणच ते पसरवू नये.

दबावाची तक्रार मात्र सर्वस्वी निराधार नाही, आणि ती करणाऱ्यांना झिडकारणे मला मान्य नाही. रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात, त्याने नको म्हटल्यावरही, पत्रके कोंबणारे लोक आहेत. दुसऱ्यांच्या देवदेवतांची टिंगल करणारे आहेत, आणि शाळेची फी भरताना अपेक्षा सुचवणारेही आहेत. हे चूक आहे, यातून ख्रिस्ताचे नाव कलंकित होते, आणि मंडळीने हे खपवून घेऊ नये. याचे उत्तर मौन मात्र नाही, बोलण्याची रीत सुधारणे हे आहे. त्याच नियमावलीच्या सोळाव्या प्रकरणात फ्रान्सिस यांनी मुस्लिम लोकांत जाणाऱ्या बंधूंना दोन मार्ग सांगितले आहेत. एक, वादविवाद न करता, देवासाठी सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत हे न लपवता जगणे. दुसरा, देवाची तशी इच्छा दिसली तर वचन उघडपणे सांगणे. पहिल्या मार्गातही ‘आपण ख्रिस्ती आहोत’ हे कबूल करणे आहेच. संपूर्ण मौनाचा मार्ग त्यांनी सांगितलाच नाही.

ऐकणाऱ्याला नकार देण्याची पूर्ण मोकळीक ठेवून बोलता येते, याचा दाखला टिळकांच्या घरातच आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही काळ माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला त्यांच्याकडे आल्या, तरी आपले सोवळेओवळे आणि वेगळी चूल त्यांनी सोडली नाही, आणि टिळकांनी ते चालू दिले. टिळक गप्प बसणारे नव्हते. विश्वासाविषयी घरात बोलणे होतच असे, आणि लक्ष्मीबाईही वाद घालत. जातीची बंधने त्यांनी टाकली ती स्वतः विचार करून, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तोही आपल्या मनाने.