ठिगळाच्या आक्षेपाबद्दल

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं असं : ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ हा सिनेमा म्हणजे फेटाळलेल्या टीव्ही मालिकेचा पहिला भाग, त्याला दिग्दर्शक डेव्हिड लिंचने शेवटी ठिगळ लावलं, आणि पहिल्यांदाच पाहिल्यामुळे भारावून मी त्या गोंधळाला ‘स्वप्नवत’ म्हणतोय. शिवाय रहस्यपटात उकल कुठेय? आणि नायिका नाओमी वॉट्स पहिला तासभर इतकी कृत्रिम का बोलते? (सिनेमा न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडलंय.)

ठिगळाची माहिती खरी आहे. एबीसी या अमेरिकन वाहिनीने १९९९ साली पायलट, म्हणजे मालिकेचा नमुन्याचा पहिला भाग, नाकारला, मग फ्रेंच पैशांवर पुढचं चित्रीकरण झालं. २००१ला कान महोत्सवात लिंचला दिग्दर्शनाचं पारितोषिकही मिळालं, जोएल कोएनबरोबर विभागून. पण पायलट कशासाठी असतो? आशा लावायला! हॉलिवूडमध्ये नवी आलेली मुलगी बेटी, स्मृती गेलेली देखणी बाई रीटा, तिच्या पर्समध्ये नोटा आणि निळी किल्ली. आता पुढे काय काय घडेल! शेवटच्या भागात भेटणाऱ्या डायान नावाच्या हरलेल्या नटीला (बेटी आणि डायान, दोन्ही वॉट्सच) स्वतःबद्दल स्वप्न पडलं, तर ते असंच पडेल. मालिका पुढे गेलीच नाही, आणि डायानने मनात रंगवलेलं आयुष्यही. हे लिंचने आधीपासून ठरवलं होतं, असा माझा दावा नाही. अर्धवट राहिलेल्या वस्तूचा त्याने असा उपयोग केला, एवढंच म्हणतोय.

उकल आहे, फक्त ती कुणी बोलून दाखवत नाही. विंकीज या हॉटेलातल्या वेट्रेसच्या बिल्ल्यावर आधी ‘डायान’ लिहिलेलं असतं, शेवटाकडे त्याच बिल्ल्यावर ‘बेटी’. आधी घरमालकीणबाई म्हणून भेटलेली कोको शेवटाकडच्या पार्टीत सिनेमातल्या दिग्दर्शकाची आई निघते. स्वप्नातली चित्रविचित्र निळी किल्ली जागेपणी अगदी साधी असते, पण तिचा अर्थ भयंकर : सुपारी दिलेलं काम झालं. जागेपणीचे चेहरे आणि नावं स्वप्नात अदलाबदल होऊन आली आहेत, हे एकदा धरलं की बराचसा गुंता सुटतो. सगळा नाही सुटत. रॉबर्ट फॉर्स्टरचा डिटेक्टिव्ह एका प्रसंगात येतो आणि कायमचा गायब होतो. ते मालिकेचं उरलेलं सामान आहे, तिथे मी तुमच्याच बाजूने.

वॉट्सबद्दल मात्र अजिबात नाही. बेटी घरी रीटासोबत ऑडिशनचे संवाद म्हणते तेव्हा ते भडक, हास्यास्पद वाटतात. तेच संवाद स्टुडिओत, एका वयस्क नटाला बिलगून, जवळजवळ कुजबुजत ती म्हणते आणि खोलीतले सगळे गप्प होतात. म्हणजे या बाईला काय येतं, हे लिंचला पक्कं ठाऊक होतं. आधीचा तो गोडमिट्ट कृत्रिमपणा त्याने मागून घेतलेला आहे, कारण डायानला स्वतःला तसंच निरागस पाहायचंय. ही दोन दृश्यं लागोपाठ लावून बघा, आणि तरीही तिला अभिनय येत नाही असं वाटलं तर जरूर लिहा.