शेतकरी कर भरत नाही?

"आयकर मूठभरच भरतात, तो काढून सगळा कर विक्रीवर लावला तर शेतकरीसुद्धा देशाला हातभार लावेल," हे लेखातलं वाक्य फार लागलं. आम्ही आजही भरतोच की! यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. शेती उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. पण परवा फवारणीचं औषध आणलं, त्या बिलाच्या तळाशी ९ टक्के केंद्राचे, ९ टक्के राज्याचे, मिळून १८ टक्के जीएसटी. खतावर ५ टक्के. ठिबकवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ होता, आता ५ झाला, तेवढा दिलासा. दुकानदार खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करून घेतो. ताज्या केळीवर जीएसटीच नाही, मग आम्ही वळता करायचा कशातून? भरला तो गेला. भावही व्यापारी ठरवतो, खर्च वाढला म्हणून क्विंटलमागे रुपया वाढवून मागता येत नाही.

आणि १२ लाखांपर्यंत नव्या पद्धतीत आयकर लागतच नाही. मग तो रद्द झाल्यावर पैसे वाचणार ते त्याहून जास्त कमावणाऱ्याचे, आणि ती तूट जीएसटी वाढवूनच भरावी लागणार. आमच्या सालदाराच्या हाती येतो तो पैसा किराणा, कपडालत्ता, मोबाइलच्या रिचार्जमध्येच संपतो, शिल्लक काही राहत नाही. वादळात बाग आडवी झाली त्या वर्षीही साबण-तेल घ्यावंच लागलं होतं, त्याला आणि आम्हालाही.