‘त्याच्यापुढे विषय काढू नका’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अपंग माणसाला मरणाचे विचार येणं साहजिकच आहे, त्याच्यापुढे विषय काढला तर ते आणखी डोक्यात भरतं, हे काम डॉक्टरांचं, शेजारीपाजारी मध्ये पडले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो. हात जोडून सांगते, यातलं काहीच खरं नाही, आणि यावर विश्वास ठेवल्याने एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

‘साहजिकच आहे’ हे सगळ्यात घातक. मणक्याला मार बसलेल्या माणसांसोबत मी काम करते. गोवंडीला एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणारा एक तरुण ‘आता जगणं नको वाटतं’ म्हणू लागला, तेव्हा घरच्यांना वाटलं, पाय गेले म्हणून. त्याच्यापाशी बसल्यावर कळलं की लिफ्ट कित्येक महिने बंद आहे. खाली उतरवायला चार जण लागतात. रात्री आईला उठवावं लागू नये म्हणून तो संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हता. बेडसोर, म्हणजे सतत एकाच जागी पडून-बसून झालेली जखम, चिघळलेली, आणि ड्रेसिंगला जायचं तर व्हीलचेअर बघून रिक्षा थांबत नाहीत. मित्रांचं येणं कधीच बंद झालं होतं. यातल्या कितीतरी गोष्टींवर इलाज आहे! चालत्याफिरत्या मुलाने हेच म्हटलं असतं तर सगळी इमारत धावली असती. नैराश्य अपंग माणसालाही येतं आणि उपचारांनी त्यालाही उतार पडतो.

विषय काढल्याने विचार डोक्यात भरत नाहीत. यावर बरंच संशोधन झालं आहे, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं एकांतात, सरळ विचारा. उत्तर आलं की ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. माणूस बहिरा असेल तर घरच्यांनाच दुभाषी करू नका. आपण आईला ओझं झालोय, हे तो आईच्याच हातून कसं सांगणार?

पोलिसांची भीतीही सोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. आणि अशा माणसाला सावरायला मदत करणं तर कधीच गुन्हा नव्हता.

आता ‘डॉक्टरांचं काम’. धोका गंभीर असेल तर डॉक्टर हवाच. माणसाला एकटं सोडू नका, केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथे घेऊन जा. पण गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं, त्यांच्या समुपदेशनाने तीव्र नैराश्य कमी झाल्याचं २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावकऱ्यांनीच हे काम केलं. लिफ्टसाठी कमिटीच्या मागे लागणं, ड्रेसिंगला सोबत जाणं, ठरल्या वारी येऊन बसणं, हे कोणता डॉक्टर करणार?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या हाती नुसता हा नंबर देऊन मोकळं होऊ नका. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा ईमेलवर आणि चॅटवरही समुपदेशन करते. पहिला मेसेज लिहायला शेजारी बसा.