शुद्धिपत्राला परवानगी लागते तेव्हा

दिवाळीच्या सुटीआधी दादाने मला एका परिपत्रकाचा फोटो पाठवला. तो भारतात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. परिपत्रकात लिहिलं होतं की प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांबाबत प्राध्यापकांनी कुठल्याही जर्नलशी परस्पर पत्रव्यवहार करू नये. दुरुस्ती करायची असो की निबंध मागे घ्यायचा असो, आधी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी. फोटोखाली दादाने विचारलं होतं, "आता माझ्या त्या तक्त्याचं काय करू?"

तो तक्ता मला माहीत होता. दादाने त्याच्या एका विद्यार्थिनीबरोबर काँक्रीटवर निबंध लिहिला होता. त्यात २० टक्के आणि ३० टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, घातलेल्या ठोकळ्यांचे २८ दिवसांनी मोजलेल्या ताकदीचे आकडे एकमेकांच्या ओळीत पडले. निबंध छापून आल्यावर बऱ्याच दिवसांनी त्याच्या ते लक्षात आलं. निष्कर्ष कोसळत नाही, पण तो तक्ता घेऊन कोणी पुढे हिशोब केला तर त्याचा हिशोब चुकणार. दादाला संपादकांना चार ओळींचं पत्र पाठवायचं होतं, आणि तेवढ्यात हे परिपत्रक आलं.

त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, तिने २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी वजा गुण सुरू केले. हे पाऊल का उचलावं लागलं तेही मला समजतं. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे होते. पैसे मोजून लेखकाच्या यादीत नाव मिळवून देणारे दलाल आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर उघड जाहिरात करतात. अशा निबंधांच्या जोरावर एखादी संस्था क्रमवारीत वर चढत असेल तर तिला खाली आणायलाच हवं. पण वजा गुण आहेत रिट्रॅक्शनला, म्हणजे निबंध मागे घेण्याला, साध्या शुद्धिपत्राला नाहीत. आणि दादाच्या महाविद्यालयाने दोन्ही एकाच दोरीने बांधले. खोटेपणा पकडण्यासाठी केलेल्या नियमाने सर्वात आधी अडवलं ते खरं सांगायला निघालेल्या माणसाला.

मी नऊ वर्षं नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये राहते आणि एका संशोधन गटात संख्याशास्त्राचं काम करते. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी माझ्याही हातून अशीच चूक झाली. रुग्णांच्या एका गटाची नोंद करताना 'हो' आणि 'नाही' यांचे संकेतांक मी उलटे वाचले होते, आणि निबंध छापून आला होता. चूक सापडली त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी गटप्रमुखांच्या खोलीत गेले तेव्हा पाय लटपटत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही माहिती आणखी कोणी वापरली आहे? त्यांना आजच लिही." जर्नलला काय लिहायचं ते नंतर ठरलं. काही महिन्यांनी दुरुस्ती छापून आली, निष्कर्षाची धार थोडी कमी झाली. पुढच्या करारावर सही करताना तो विषय निघालाही नाही. आईला मात्र फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "नोकरीवर गदा नाही ना येणार?" तिची काळजी मला कळली. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं, अशुद्ध आणि शुद्ध असे दोन रकाने, पान आणि ओळ यांच्या आकड्यांसह. बाबा नवं पुस्तक आणलं की वाचायला बसण्याआधी पेन्सिलीने त्या दुरुस्त्या आत करून घ्यायचे. लेखक कमी दर्जाचा आहे असं त्यांच्या मनातही येत नसे. ती सवय आपल्या विद्यापीठांतून कुठे गेली?

इथे मी नेदरलँड्सचे गोडवे गायला बसलेली नाही. उत्रेख्तच्या स्टेशनवरून मी रोज जाते, आणि याच स्टेशनवर केल्याचं सांगितलेल्या एका प्रयोगावरचा निबंध एप्रिल २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. सफाई कामगारांच्या संपामुळे स्टेशन घाण झालं तेव्हा गोरे प्रवासी काळ्या माणसापासून जास्त अंतरावर बसले, असा त्याचा दावा होता. त्याच वर्षी डिसेंबरात तो मागे घेतला गेला, कारण आकडे बनावट होते. ते बनवणारे डीडेरिक स्टापेल हे टिलबर्ग विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक, शिवाय विद्याशाखेचे प्रमुख. शाळांतून माहिती गोळा केली असं सांगून ते तयार आकडे विद्यार्थ्यांच्या हातात ठेवायचे. तिथल्या तीन तरुण संशोधकांनी महिनोन्महिने निरीक्षण केलं, टिपणं काढली आणि २०११ च्या ऑगस्टअखेर विभागप्रमुखांना सांगितलं. त्याआधीही शंका घेतल्या गेल्या होत्या. त्या विरून गेल्या. म्हणजे इथेही मोठ्या माणसाला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता.

फरक पडला तो पुढे. विद्यापीठाने काही दिवसांत त्यांना निलंबित केलं आणि भाषाशास्त्रज्ञ लेव्हेल्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्टापेल यांनी काम केलेल्या ॲम्स्टरडॅम आणि ग्रोनिंगेन या विद्यापीठांनीही आपापल्या समित्या जोडल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये अंतिम अहवाल आला आणि तो सगळ्यांना वाचायला खुला केला गेला. बनावट ठरलेल्या ५५ निबंधांची एकेक करून यादी, कुठल्या निबंधात काय सापडलं, कुणाचा दोष आहे, कुणाचा नाही. स्टापेल यांच्या हाताखाली झालेल्या दहा पीएच.डी. प्रबंधांतही खोटे आकडे निघाले, पण ज्यांना ते आकडे खरे म्हणून दिले गेले त्या विद्यार्थ्यांना समितीने दोषी धरलं नाही. त्या पोरांच्या आयुष्याची काही वर्षं मातीत गेली, ती कुठलीही समिती परत देऊ शकत नाही. तरी निदान त्यांची नावं कागदावर स्वच्छ झाली. समितीने संपादकांना आणि परीक्षकांनाही सोडलं नाही: इतके गोंडस आकडे पाहून कुणालाच प्रश्न कसा पडला नाही, हे तिने स्पष्ट विचारलं.

आता आपल्याकडचा नियम बघा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे विनियम वाङ्मयचौर्याबद्दल आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सहा महिन्यांत सुधारून द्यायचा, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. स्टापेल यांनी आकडे बनवले होते, वाक्यं चोरली नव्हती; ते या चाळणीतून आरामात निसटले असते. मनाने रचलेले आकडे, कापून चिकटवलेली चित्रं, न घेतलेली मोजमापं यांना टक्केवारी लागू होत नाही. आणि तक्रार ज्या विभागीय समितीकडे जाते तिचे अध्यक्ष विभागप्रमुख. ज्या विद्यार्थिनीचा गाइडच विभागप्रमुख आहे, किंवा त्यांचा जिवलग मित्र आहे, तिने कुठे जायचं? माझ्याबरोबर तिकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मैत्रिणीने गाइडला आलेखातला एक बिंदू विचारला. पुढचे आठ महिने तिच्या अहवालावर सही झाली नाही. तिने संशोधन सोडलं. आज ती बँकेत आहे, सुखात आहे, पण तो बिंदू बरोबर होता की नाही हे कुणालाच कधी कळलं नाही.

पुण्याचं एक जुनं प्रकरण मला यासाठीच फार खटकतं. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या एका गटाचा २००५ चा निबंध. आधीच्या निबंधातली चित्रं वेगळी नावं देऊन पुन्हा वापरली, असा निनावी आक्षेप आला. अमेरिकेतल्या जर्नलने २००७ मध्ये निबंध मागे घेतला. इकडे नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मात्र संबंधितांना निर्दोष ठरवलं. मग २०१० मध्ये इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षं आपल्या कार्यक्रमांपासून दूर ठेवलं. एकाच निबंधाबद्दल तीन ठिकाणी तीन न्याय. कोण चूक आणि कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. माझं म्हणणं इतकंच की लेव्हेल्ट समितीसारखा, चित्रागणिक कारणं देणारा, कुणालाही उघडून वाचता येईल असा एकच अहवाल निघाला असता तर त्या शास्त्रज्ञालाही न्याय मिळाला असता आणि आक्षेप घेणाऱ्यालाही.

त्याच पुण्याने नंतर एक चांगलं कामही केलं, हे विसरून चालणार नाही. यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारभर नावं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासली आणि त्यातली ८८ टक्के दर्जात बसत नाहीत असं २०१८ मध्ये छापून दाखवलं. त्यातूनच पुढे यूजीसी-केअर ही दर्जेदार जर्नलांची नवी यादी आली. २०२५ च्या सुरुवातीला तीही बंद झाली, जर्नल कसं निवडायचं ते आता संस्थांनी ठरवायचं आहे. ज्या संस्था शुद्धिपत्रालाही परवानगी मागतात त्यांच्या हाती ही जबाबदारी जाते आहे, म्हणून मला काळजी वाटते.

वजा गुण ठेवायचे तर ठेवा, पण निबंध का मागे घेतला ते वाचून ठेवा. फ्रान्सेस आर्नल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०२० च्या जानेवारीत त्यांनी स्वतः जाहीर केलं की 'सायन्स'मधला आपला निबंध मागे घेत आहोत, कारण प्रयोग पुन्हा करून तोच निकाल येत नाही. आपण कामात होतो आणि नीट लक्ष दिलं नाही, असंही त्यांनी म्हटलं. एनआयआरएफच्या मोजणीत हा निबंध आणि दलालाकडून विकत घेतलेला निबंध यांना सारखीच शिक्षा व्हावी का? स्वतःहून मागे घेतलेल्याला शून्य वजा गुण, चौकशीत पकडलेल्याला पूर्ण, आणि चौकशी दडपलेल्या संस्थेला त्याहून जास्त, असं करता येईल. त्याबरोबर प्रत्येक विद्यापीठात विभागाबाहेरचा एक माणूस हवा, ज्याच्याकडे विद्यार्थी नाव न फुटता जाऊ शकेल. इथे नेदरलँड्समध्ये प्रत्येक विद्यापीठात असा विश्वासू सल्लागार असतो, विद्यापीठाचा निर्णय पटला नाही तर देशपातळीवरच्या मंडळाकडे दाद मागता येते, आणि निर्णय नावं काढून प्रसिद्ध होतात. याला फार पैसा लागत नाही.

दादाने परवानगीचा अर्ज नोव्हेंबरात दिला. दोनदा आठवण केली, उत्तर नाही. गेल्या रविवारी त्याने मला फोनवर पत्र वाचून दाखवलं. संपादकांच्या नावे, इंग्रजीत, पाच वाक्यं. मी दोनच गोष्टी सुचवल्या: तक्त्याचा क्रमांक आणि दोन्ही ओळींचे चुकीचे व बरोबर आकडे समोरासमोर दे, आणि पाठवण्याआधी त्या विद्यार्थिनीला वाचायला दे, तिचंही नाव आहे त्यावर. ती आता चेन्नईत नोकरी करते. सोमवारी तिचं उत्तर आलं: "सर, मूळ नोंदवही माझ्याकडे आहे, त्या पानाचा फोटोही जोडा." दादाने तो जोडला आणि प्राचार्यांना प्रत देऊन पत्र पाठवलं.